चपात्या मोजल्या, झोप मोजली नाही

"सिव्हिअर ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. आम्हा दोघांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, तेव्हा त्यांनी सोपं करून सांगितलं. झोपेत घशाचा आतला भाग सैल पडतो. श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मग मेंदू घाबरतो आणि माणसाला अर्धवट जागं करतो. श्वास सुरू होतो. डोळा लागला की पुन्हा तेच.

"तुमच्या मिस्टरांना हे तासाला बावन्न वेळा होतंय," त्या म्हणाल्या. "माणसाला वाटतं आपण झोपलो होतो. शरीराला तसं वाटत नाही."

चिंचवडच्या एका खाजगी दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही बसलो होतो. ह्यांचं वजन तेव्हा एकशे आठ किलो होतं. हात असलेल्या खुर्चीत ते मावत नव्हते म्हणून बाहेरून स्टूल आणून दिलं होतं. ते त्या स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे बसले होते.

ही तपासणी घरीच झाली होती. छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला चिमटा. एरवी ती रात्री करतात, पण ह्यांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. म्हणून दवाखान्याचा माणूस सकाळी नऊला येऊन सगळं बांधून गेला. साडेनऊला हे झोपले आणि एकच्या सुमारास उठले.

मॅडमनी रिपोर्टचा कागद आमच्याकडे फिरवला आणि एका रेघेवर पेन ठेवलं. "ही नाडी. श्वास अडल्यावर ती हलते, ते मला कळतं. पण हे बघा. दहा वाजून पाच मिनिटांनी एकदम वर. परत दहा अठरा. दहा पस्तीस. अकराच्या आसपास तीन-चारदा. हे वेगळं आहे, दचकून उठल्यासारखं. या वेळी घरात काय असतं?"

मला ते पाठ होतं. दहा पाचला डाळीच्या कुकरची पहिली शिट्टी. दहा अठराला बटाट्यांचा कुकर. मग मिक्सर. अकराला भाताचे दोन मोठे कुकर आणि डबे भरताना होणारा झाकणांचा आवाज. मी डबे करते. ताथवड्याच्या कॉलेजातल्या चाळीस मुलामुलींचं जेवण माझ्या स्वयंपाकघरातून जायचं, आणि ह्यांची झोपायची खोली त्याच्या भिंतीला लागून होती.

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "भाईर हॉर्न असत्यात, मॅडम. हायवे जवळ हाय आमच्या."

"मग खिडकी बंद ठेवत जा," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या कागदाकडे वळल्या.

हे लिहायला मला दोन वर्षं लागली. तुमच्या घरात कुणी पाळीवर जात असेल, त्याचं वजन वाढत असेल आणि तुम्ही त्याला बोलत असाल, तर तुमच्यासाठी लिहितेय. यात शेवटी सगळं छान झालं असं नाही. ते आधीच सांगून ठेवते.

माझं नाव रंजना. मी पिंपरीची. माझे वडील कंपनीत कामगार होते, पण एकाच पाळीत. भोंगा झाला की घरी, आठला जेवण, दहाला झोप. कंपनीतला माणूस म्हणजे असाच, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. अशोक, म्हणजे हे, राजगुरुनगरच्या पलीकडच्या एका गावातले. लग्न झालं तेव्हा बासष्ट किलोचे होते. लग्नाच्या फोटोत कोटाचे खांदे ह्यांना मोठे झालेत.

आधी हे भोसरीत जनरल पाळीला होते. मग कंपनी चाकणला गेली, मोठी झाली आणि तीन पाळ्या सुरू झाल्या. पहिली सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, रात्रपाळी अकरा ते सात. दर आठवड्याला बदल. आम्ही तोवर पुनावळ्यात वन बीएचके घेतलं होतं. कंपनीची बस तळवड्यावरून जाते. मोकळा रस्ता मिळाला तर तासभर, चाकणच्या चौकात अडकली तर दोन. पहिल्या पाळीला हे पहाटे पाचला घर सोडत. दुसऱ्या पाळीवरून येईपर्यंत साडेबारा-एक होत. एका पाळीची सवय लागेपर्यंत दुसरी सुरू होई. असं चौदा वर्षं चाललं.

वजन कधी वाढायला लागलं ते मला सांगता येणार नाही. दर दिवाळीला पँट नवी लागायची. घोरणं वाढलं. मग हे कुठेही झोपायला लागले. आमच्या मुलीच्या, प्रज्ञाच्या शाळेत पालकसभेला बाकावर झोपले आणि मुलं हसली. माझ्या चुलत भावाच्या लग्नात, जेवणाचं ताट हातात धरून, उभ्या उभ्या डोळे मिटले. ताटातली जिलेबी पाहुण्याच्या साडीवर पडली. घरी येऊन मी दोन दिवस बोलले नाही.

मला सगळं कळतं असं मला वाटायचं. माझा धंदाच अन्नाचा. कुणाला किती लागतं, कोण किती टाकतं, हे डबा परत आल्यावर मी हातात धरून सांगू शकते. त्यामुळे वजन म्हणजे खाणं, यात मला शंकाच नव्हती. मी ह्यांचा भात बंद केला. मग साखर. मग चार चपात्यांच्या तीन केल्या, तीनच्या दोन. सकाळी मेथीचं पाणी. हे जे देईन ते निमूट खात होते, आणि काटा वरच जात होता.

एक दिवस ह्यांच्या बॅगेत क्रीमच्या बिस्किटांचे तीन रिकामे पुडे सापडले आणि वडापावचा तेलकट कागद. मी ते टेबलावर मांडून ठेवले. प्रज्ञा तेव्हा बारावीला होती, समोरच अभ्यास करत होती. मी तिच्यासमोर म्हणाले, "इथं मी भात तोडतेय आणि हे बाहेर चरतायत. तोंडावर ताबा नाही तर डॉक्टर काय करणार?"

हे बूट सोडत होते. सोडायचे थांबले. खाली बघूनच म्हणाले, "भूक न्हाई गं ती. रातच्या तीन-चारला डोळं मिटायला लागत्यात. कायतरी तोंडात टाकलं की मग उघडं ऱ्हात्यात."

"निमित्तं," मी म्हणाले.

हा शब्द मी अजून विसरलेले नाही.

कंपनीत हे फोर्कलिफ्ट चालवायचे. फोर्कलिफ्ट म्हणजे समोर दोन लोखंडी दांडे असलेली, जड माल उचलून ठेवणारी गाडी. दोन वर्षांपूर्वी एका पाळीत पहाटेच्या वेळी ती गाडी मालाच्या रॅकला जाऊन लागली. कुणाला लागलं नाही. दोन पेट्या खाली आल्या. पण तिथे पाच मिनिटांपूर्वी एक माणूस उभा होता. हे मला नंतर ह्यांच्या मित्राकडून कळलं. ह्यांना ब्रेक दाबल्याचं आठवत नव्हतं, आणि आपण झोपलो होतो हेही आठवत नव्हतं.

कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब वाढलेला, उपाशीपोटी साखर वाढलेली. त्यांनी लिहून दिलं की छातीच्या डॉक्टरांचा रिपोर्ट आल्याशिवाय ह्यांना गाडीवर बसवायचं नाही. असे आम्ही त्या केबिनमध्ये पोहोचलो होतो.

त्या दिवशी मॅडमनी आम्हाला बराच वेळ दिला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. बाहेर वीस जण बसले होते तरी त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटात ग्रेलिन नावाचं हार्मोन असतं, ते भूक लागली असं सांगतं. लेप्टिन नावाचं दुसरं, ते पुरे झालं असं सांगतं. झोप कमी पडली की पहिलं वाढतं, दुसरं घटतं. माणसाला गोड, तळलेलं हवंसं वाटतं. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वर राहतं. इन्सुलिन असूनही पेशी ते मानत नाहीत, त्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. साखर रक्तात फिरत राहते आणि चरबी पोटावर साठते. पोट आणि मान जाड झाली की घसा आणखी दबतो, झोप आणखी मोडते. शिवाय रात्री तीनला खाल्लेलं शरीर दिवसासारखं पचवत नाही.

"म्हणजे झोपेमुळं वजन का वजनामुळं झोप?" ह्यांनी विचारलं.

"दोन्ही. एकमेकांना ढकलतायत," मॅडम म्हणाल्या. "नुसत्या झोपेनं एवढं होत नाही, हेही सांगते. तुमच्या वडिलांना साखर होती. काम बसून आहे. खाणं आहेच. पण इतकी वर्षं सगळ्यांनी फक्त खाण्याकडे बघितलं. झोपेबद्दल तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"न्हाई," हे म्हणाले.

खाली औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभे असताना मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"कुकरचं. मिक्सरचं."

"व्हय."

"मग कधी बोलला का नाहीत?"

हे पुढे सरकले, चिठ्ठी खिडकीत दिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोलून काय झालं आसतं? डबं बंद केलं आसतंस?"

प्रज्ञाचं शिक्षण त्या डब्यांवर चाललं होतं, घराचा हप्ता ह्यांच्या पगारावर. दोन्हीतलं एकही बंद होण्यासारखं नव्हतं. ते ह्यांना माझ्या आधी कळलं होतं, एवढंच.

सीपॅप नावाचं मशिन घ्यायला सांगितलं. उशाशी ठेवायचं. त्यातून हवा नळीवाटे नाकावरच्या मास्कमध्ये येते आणि घसा उघडा ठेवते. मला वाटलं, आता वजन उतरेल. दीड महिन्यानं एक किलो वाढलं. मी मॅडमकडे जाऊन जवळजवळ भांडलेच. त्या म्हणाल्या, "मशिन श्वासासाठी आहे. वजन उतरवणं त्याचं काम नाही. त्यांना पुरती झोप द्या, सलग सात तास, रोज एकाच वेळी, मग बघू." रोज एकाच वेळी. चाकणच्या तीन पाळ्यांमधल्या माणसाला!

मी आवाज कमी करायला धडपडले. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे चारला उठून सगळा स्वयंपाक साडेआठच्या आत उरकायला लागले. दुपारी डबे उघडेपर्यंत चपात्या वातड होत, उन्हाळ्यात भाजी आंबली. मुलांनी तक्रारी केल्या. दोन महिन्यांत चाळीसचे सव्वीस डबे झाले. मग मी परत दहाला कुकर लावायला लागले. शिट्टी काढून, झाकणावर फडकं दाबून, काय काय केलं. इतक्या माणसांचा स्वयंपाक मुक्यानं होत नाही. दाराआड हे मास्क लावून पडलेले असत. डोळे उघडे आहेत हे मला दार न उघडता कळायचं.

मशिनचं काम नीट व्हायला हवं तर पाळी एकच हवी, असं मॅडमनी सर्टिफिकेट लिहून दिलं. हे ते घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेले. तीन महिन्यांसाठी ह्यांना स्टोअरमध्ये जनरल पाळीला ठेवलं. सकाळी नऊ ते साडेपाच.

ते तीन महिने मला लिहायचे आहेत.

हे सातला घरी यायचे. साडेआठला जेवायचे, आम्ही तिघं एकत्र. दहाला मास्क लावून झोपायचे आणि सहाला स्वतःहून उठायचे. पहिला आठवडा नुसते झोपत होते. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठून मला म्हणाले, "रंजे, मला भूकच न्हाई लागली रातची." तेव्हा मी ह्यांना भात द्यायला लागले होते. मोजायचं सोडून दिलं होतं. तरी महिन्यानं काटा दोन किलो खाली आला. तीन महिन्यांत सहा. साखरेची गोळी अर्धी झाली. हे चिडायचे थांबले. मला माहीतच नव्हतं की हे चिडायचे, मला वाटायचं स्वभाव तसा आहे. बुद्धपौर्णिमेला विहारात पूर्ण वंदना होईपर्यंत हे ताठ बसले, एकदाही डुलले नाहीत. प्रज्ञानं मला कोपरानं ढोसलं आणि ह्यांच्याकडे बघ म्हणून खुणावलं.

एका रविवारी आम्ही ह्यांच्या गावी गेलो. शेताच्या कडेच्या चढावर हे माझ्या पुढे चालत होते. मागे वळून म्हणाले, "ये की गं, दमली का काय?"

त्या तीन महिन्यांनी मला एक गोष्ट नक्की कळली. ह्यांच्या तोंडावर ताबा होता. तो नेहमीच होता.

चौथ्या महिन्यात स्टोअरचं काम कंत्राटावर दिलं. ह्यांना बोलावून सांगितलं की जनरल पाळीला जागा नाही. लाईनवर या, नाहीतर राजीनामा द्या. बोलणारा साहेब वाईट नव्हता. त्यानं ह्यांना खुर्ची दिली, चहा दिला. "अशोकराव, माझ्या हातात असतं तर केलं असतं," म्हणाला. सेहेचाळीस वर्षांचा, दहावी झालेला, गाडी चालवायची परवानगी गेलेला माणूस दुसरीकडे कुठे जाणार? हे लाईनवर गेले. उभ्यानं पेट्या भरायचं काम, पहिली, दुसरी, रात्र.

सहा किलो अडीच महिन्यांत परत आले. मग आणखी चार. मास्क लावायचा कंटाळा यायला लागला. मी रागावले की हे म्हणत, "चार तासांच्या झोपंला काय मास्क लावायचा?" मॅडमनी पोटाच्या ऑपरेशनबद्दल, बेरिॲट्रिक सर्जरीबद्दल सांगितलं. ज्या सर्जनकडे पाठवलं त्यांनी आधी हृदयाची तपासणी करू म्हटलं. ती तारीख आम्ही दोनदा पुढे ढकलली. एकदा ह्यांना रजा नव्हती. दुसऱ्यांदा माझ्याकडे परीक्षेचे जादा डबे होते. खरं कारण हेच आहे, म्हणून लिहितेय.

मग पाय सुजायला लागले. बोट दाबलं की खड्डा राहायचा. मला वाटलं, उभं राहून होत असेल. एका दुपारी दुसऱ्या पाळीला निघायच्या वेळी हे उठेनात. हाक मारली की डोळे उघडत, "व्हय" म्हणत आणि परत मिटत. ओठ निळसर दिसत होते. प्रज्ञानं ॲम्ब्युलन्स बोलावली.

नऊ दिवस हे आयसीयूत होते. श्वास पुरेसा बाहेर पडत नसल्यानं रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला होता, त्याच्या गुंगीत हे होते. बायपॅप नावाचं, सीपॅपपेक्षा जोराचं मशिन तोंडाला घट्ट बांधलं होतं. आयसीयूबाहेर स्टीलच्या बाकांवर आम्ही मायलेकी बसायचो. सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला एकीला आत सोडायचे. तिथे खूप माणसं होती आणि सगळी बसल्या बसल्या झोपलेली होती. मला ते बघवायचं नाही.

पाचव्या दिवशी मॅडमनी इकोचा रिपोर्ट समजावला. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. "पल्मनरी हायपरटेन्शन आहे. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढलाय. हृदयाची उजवी बाजू त्याविरुद्ध ढकलून ढकलून थकलीय. गोळ्यांनी अंगातलं पाणी उतरेल. पण हृदय पहिल्यासारखं होईल असं मी सांगू शकत नाही."

"आता नोकरी सोडली तर?" मी विचारलं. "आता घरी आरामात झोपले तर? वेळेवर, मशिन लावून?"

"झोपू देत. झोपायलाच हवं," त्या म्हणाल्या. "आणखी बिघडू नये म्हणून. पण गेलेल्या वर्षांची झोप आता एकदम देता येत नाही, ताई."

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही, याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

हे घरी आले त्याला आठ महिने झाले. नोकरी सुटली. मी आता डब्यांचा स्वयंपाक खालच्या एका गाळ्यात करते. शेजारणीच्या दिराचा गाळा रिकामा होता, त्यानं दिला. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर तेव्हाही दिला असता, असं तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं. घर आता दिवसभर शांत असतं. हे दहाला झोपतात, मशिन लावतात, आणि तरी मध्यरात्री उठून पलंगाच्या कडेला बसलेले असतात. चौदा वर्षांत शरीर रात्र म्हणजे काय ते विसरलं. वजन तीन किलो कमी झालंय, त्यातलं बरंचसं पाणीच होतं. जिन्याचा एक मजला चढायला दोनदा थांबावं लागतं.

मी एकदा ह्यांची माफी मागितली. भाजी निवडत बसलो होतो. मी म्हणाले, "मी तुम्हाला फार बोलले." हे मेथीची काडी मोडत म्हणाले, "तुला तरी कुठं कोण झोपू देत हुतं?" आणि पुढची जुडी ओढली. खरं तर मी स्वतःही किती वर्षं पाच तासांवर आहे, हे मी मोजलेलं नाही.

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. घरातला माणूस जाड होत असेल तर त्याच्या ताटात बघायच्या आधी त्याला विचारा, झोप किती होते, सलग होते का, उठल्यावर ताजं वाटतं का. घोरताना श्वास थांबतो का ते जागं राहून ऐका. बसल्या जागी झोप लागत असेल तर हसू नका. तपासणी अवघड नाही आणि दुखत नाही. लवकर कळलं तर पुष्कळ जणांचं चांगलं होतं, असं मॅडम सांगतात. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. आणि कळूनही आम्हाला फार काही करता आलं नाही. हे दुसरं वाक्य लिहू नये असं प्रज्ञाचं म्हणणं होतं. मी ठेवतेय.

गेल्या आठवड्यात प्रज्ञाला नोकरी लागली. हिंजवडीत, परदेशातल्या ग्राहकांचे फोन घ्यायचे. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, न्यायला-आणायला गाडी.

"दुसरी बघ," मी म्हणाले.

"सहा महिने बघतेय, आई. हीच मिळाली."

"मग अजून थोडं थांब."

"कशावर थांबू?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. तिनं हिशेब करून ठेवलेला होता.

हे पलंगावरून सगळं ऐकत होते. म्हणाले, "झोपायची कुठं ती?"

आम्ही दोघी ह्यांच्याकडे बघायला लागलो. घरात बेडरूम एकच. ती हॉलमध्ये गादी टाकून झोपते, आणि हॉलमध्ये दिवसभर दार वाजतं, पार्सलवाले येतात, पूर्वेचं ऊन थेट गादीवर पडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्यावरून वर आले तर ह्यांनी मशिनची वायर काढली होती. मशिन पोटाशी धरून, दोन पावलं टाकत, भिंतीला टेकून दम खात, हॉलमध्ये आणत होते. मी धरायला गेले तर "ऱ्हाऊ दे" म्हणाले. उशी, गोळ्यांचा डबा, पाण्याची बाटली, एकेक करून सगळं आणलं. त्यात पाऊण तास गेला.

प्रज्ञा दारात उभी होती. "पप्पा, नको ना. मी झोपेन कुठेही."

"तू गप," हे म्हणाले. दम लागला होता म्हणून थांबले. "मला आता दिवस आन् रात सारखीच. तुला अंधार लागंल. दार लावून पुरती झोपायची. आन् कुणी उठीवलं, तर मला सांगायचं."

ती आत जाऊन पलंगावर बसली आणि रडली. आम्ही दोघंही तिच्याकडे गेलो नाही.

मी टेप घेऊन बेडरूमच्या खिडकीचं माप घेतलं. साडेचार बाय चार. मग काळं जाड कापड आणायला पिंपरी कॅम्पात गेले. सोमवारपासून तिची रात्रपाळी आहे.